जुन्या कमांड दुरुस्त करत राहायच्या की नव्याने लिहायच्या?

टर्मिनलकर:
ऑक्टोबर 2025 मध्ये उबुंटू या लिनक्स सिस्टिमची 25.10 ही आवृत्ती आली. त्यात पहिल्यांदाच जीएनयू कोअरयुटिल्स या सी भाषेतल्या मूलभूत कमांडच्या जुन्या संचाच्या जागी रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला यूयुटिल्सचा संच डीफॉल्ट केला होता. थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की काही मशीन आपोआप अपडेट तपासतच नाहीयेत. असं का झालं, ते नीट बघा.

त्या संचातल्या डेट कमांडला आर (-r) पर्याय देऊन फाइलचं नाव दिलं, की ती फाइल शेवटची कधी बदलली ते कळायला हवं. एपीटी म्हणजे उबुंटूत पॅकेज बसवणारं आणि अपडेट करणारं साधन. त्याची रोजची स्क्रिप्ट याच पर्यायाने, मागची तपासणी कधी झाली हे दाखवणाऱ्या खुणेच्या फाइलची तारीख काढते, आजच्या तारखेतून वजा करते आणि ठरलेले दिवस उलटले असतील तरच पुढे जाते. नव्या डेटने आर पर्याय निमूट घेतला आणि आत्ताची वेळ छापली. वजाबाकी कायम शून्य! स्क्रिप्टच्या मते तपासणी आजच झालेली, म्हणून ती रोज मागे फिरायची. हाताने एपीटी चालवलं तर सगळं ठीक, त्यामुळे शंका येण्याचंही कारण नाही.

माझं म्हणणं असं: ज्यांच्यावर अख्खी सिस्टिम उभी आहे त्या कमांड दुरुस्त कराव्यात, पुन्हा लिहू नयेत. जुन्या सोर्स कोडमध्ये जे विचित्र इफ (अटी) दिसतात, त्यांतल्या कित्येकांमागे कुणाचा तरी खरा बग रिपोर्ट आहे. ती कमाई मॅन्युअल वाचून परत मिळत नाही.

कृष्णाकाठ:
टर्मिनलकर, जुन्या कोडची दुसरी बाजूही बघा ना. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या सुडो कमांडमध्ये जुलै 2011 मध्ये एक हीप ओव्हरफ्लो (ठरलेल्या मेमरीबाहेर लिहिण्याची चूक) शिरला, तो क्वालिस या सुरक्षा कंपनीने जानेवारी 2021 मध्ये उघड केला. शेवटी एक बॅकस्लॅश देऊन सुडोएडिट (सुडोचंच फाइल बदलण्याचं रूप) चालवायचं, एवढ्यावर साध्या यूजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होण्याची वाट मोकळी होती. साडेनऊ वर्षं! तोही जुना, मुरलेला, हजारो लोकांच्या नजरेखालून गेलेला कोडच होता. खुद्द कोअरयुटिल्समध्ये 2024 च्या सुरुवातीला फाइलचे तुकडे करणाऱ्या स्प्लिटमधला ओव्हरफ्लो समोर आला. डेटचा बग एका पॅकेज अपडेटने मिटला. सीमधली मेमरीची चूक मात्र पुन्हा पुन्हा जन्म घेते, आणि त्या जातीच्या बहुतेक चुका रस्ट कंपाइल करताना किंवा प्रोग्राम चालताना अडवतं.

आणि जीएनयूवाले वागणूक बदलत नाहीत असं थोडंच आहे? 2016 च्या कोअरयुटिल्स 8.25 मध्ये फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसने स्पेस असलेल्या नावांना अवतरणचिन्हं लावायला सुरुवात केली, तेव्हा किती ओरड झाली होती.

टर्मिनलकर:
एलएसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, ताई. ती चिन्हं फक्त टर्मिनलवर दिसतात. पाइपमध्ये (म्हणजे दुसऱ्या कमांडकडे) किंवा फाइलमध्ये आउटपुट गेलं, की नावं पूर्वीसारखीच. म्हणजे माणसाच्या सवयीला धक्का दिला, पण स्क्रिप्ट मोडू दिल्या नाहीत. ज्यांना नको होतं त्यांना एन (-N) पर्याय होताच. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, ही जाण वर्षानुवर्षं देखभाल करूनच येते. सुडोबद्दल तुमचं खरं आहे, मी ते नाकारत नाही.

अनुस्वार:
दुरुस्ती, दुरुस्ती म्हणता, पण ती होते कधी? आपल्या भाषेचंच घ्या. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. ओळीतला भाग कापून देणाऱ्या कटला अक्षरं मोजण्याचा सी (-c) पर्याय देऊन 'मराठी'ची पहिली दोन अक्षरं मागा. जीएनयूच्या कटमध्ये सी पर्याय वर्षानुवर्षं बी पर्यायासारखाच बाइट मोजत आला, त्यामुळे हातात 'म'चे दोन तृतीयांश येतात, म्हणजे स्क्रीनवर कचरा. अक्षरं बदलून देणाऱ्या टीआरची तीच तऱ्हा. फेडोरासारख्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांनी) यासाठी स्वतःचा पॅच वर्षानुवर्षं वागवला. मराठी याद्या शेलमध्ये हाताळणाऱ्याने पायथॉनकडे पळायचं, हीच का ती जपून केलेली देखभाल? मला याचा मनापासून राग येतो.

रात्रपाळी:
मी सर्व्हर सांभाळतो, मला भाषेशी देणंघेणं नाही. डेटच्या बगमध्ये सगळ्यात वाईट काय, तर पर्यायाचं काम करणारा कोडच नसताना तो स्वीकारला. तिथेच एरर देऊन थांबली असती तर पहिल्याच रात्री कळलं असतं. यूयुटिल्स आपली प्रगती जीएनयूच्याच टेस्ट चालवून मोजतं. ज्या वागणुकीची टेस्टच नाही, तिथे ही मोजणी आंधळी.

आणि माणसांचं काय? 2024 मधलं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण आठवा. ते साधन सांभाळणारा जवळपास एकटा, थकलेला. मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये गुपचूप आत शिरायचं मागचं दार घातलं. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आन्द्रेस फ्रॉइन्ड या प्रोग्रामरने पिच्छा पुरवला म्हणून आपण वाचलो.

कृष्णाकाठ:
म्हणूनच म्हणते, नवे हात हवेत. रस्टमुळे सीच्या वाटेला न जाणारी मुलं या कामाकडे येतायत.

टर्मिनलकर:
येऊ देत, पण त्यांनी आधी टेस्ट लिहाव्यात. टच कमांडने फाइलला जुनी तारीख द्यायची, डेटच्या आर पर्यायाने ती वाचायची, दोन्ही जुळतात का बघायचं. चार ओळींचं काम आहे आणि दोन्ही संचांवर चालेल. अनुस्वार, कटसाठी 'मराठी' घालून तशीच एक तुम्ही लिहा, मी तपासून देतो. पण एलटीएसच्या (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीच्या) सर्व्हरवर डीफॉल्ट बदलायला माझा विरोध कायम आहे.