अनुभव: मोडक्या सायकलच्या सांगाड्याचं तुम्ही काय केलंत?

वडिलांची २२ इंची काळी ॲटलस. खाली पायडलच्या एक्सलपाशी फ्रेमला तडा गेला. दोनदा वेल्डिंग केलं, तिसऱ्यांदा मिस्त्रीच म्हणाला, "साहेब, आता हिच्यावर बसू नका." चाकं, चेन, सीट कधीच कुणाकुणाला देऊन झाली. उरलाय तो सांगाडा, गॅलरीत दोन खुंट्यांवर. भंगारवाल्याने काट्याला लावून पाच किलो सांगितले. आई म्हणाली, हात लावून तर बघ. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. ती बातमी वाचल्यापासून तर आईच्या लेखी ही फ्रेम म्हणजे देव्हाऱ्यातला टाक झालीय.

तर या धाग्यावर तुमचे अनुभव लिहा. फसलेले आधी. कुंडीचे स्टँड मी पुष्कळ पाहिलेत, त्यापलीकडचं काही असेल तर बरं.

काळं रान (परभणी)
आमच्याकडं मोडकी सायकल भंगारात जात नाही, कोळप्यात (ओळींमधलं तण काढायच्या अवजारात) जाते. दोन एकराला बैलजोडी परवडत नाही आणि खुरपणीला माणूस मिळत नाही. पुढचं चाक, चिमटा (चाक धरणारा फोर्क) आणि हँडल ठेवायचं, खालच्या दांड्याला पट्टी जोडून पास, म्हणजे तण कापायचं आडवं पातं, बसवायची. मी पहिल्या वर्षी ९ इंची पास लावली. सोयाबीनच्या ओळीत १८ इंच जागा, म्हटलं दोन फेऱ्यांत काम होईल. पहिल्याच तासाला छाती भरून आली. भारी रानात ती रुतून बसते, हलत नाही. आता ६ इंची आहे. फेऱ्या वाढल्या, पण माणूस उभा राहतो.

ढकलायचं सलग नाही. हिसका द्यायचा, किंचित मागं घ्यायचं, परत हिसका. पट्टीला चार भोकं पाडून ठेवा, म्हणजे नट काढून खोली बदलता येते. वाफशावरच, म्हणजे रानात बेताची ओल असतानाच घाला. ओल्यात गेलात तर टायरवर चिखलाचं लिंपण चढतं. मी टायर काढूनच टाकला, नुसती रिम फिरते. आणि नळी पोकळ असते हे विसरू नका. दगडाला अडली की दुमडते. माझी दुमडली, मग आत सळई ठोकली.

हे डोकं माझं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं कोळपं केलं होतं. आता गावोगावचे लोहार आपापल्या अकलेनं बनवून देतात.

धारवाल्याची लेक
आमच्या अण्णांची सायकल चालवण्याजोगी राहिली नव्हती, तरी पंधरा वर्षं तिच्यावर घर चाललं. मागचं चाक स्टँडवर अधांतरी, रिमवरून पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक वरच्या लहान पुलीवर आणि पुलीला धारेचा दगड. मोठं चाक एकदा फिरलं की दगड कितीतरी वेळा फिरतो, सगळी गंमत त्यात. पुढचं चाक गेल्यावर अण्णांनी चिमटा फळीत ठोकून ती दारात कायमची रोवली. मग गिऱ्हाईकच विळ्या घेऊन दारी यायला लागलं. फेरी वाचली, पण धंदा निम्मा झाला, कारण आरोळी बंद झाली ना!

फसलेला इंजिनिअर
कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून पायडलवर चालणारा मिक्सर केला. ग्वाटेमालातली माया पेडल ही संस्था जुन्या सायकलींतून मका सोलायची, दळायची, पाणी उपसायची यंत्रं बनवते, त्यावरून सुचलं. पण आम्ही हिशेब नंतर केला. घरचा मिक्सर ५०० वॅटचा, आणि साधा माणूस सलग पाऊणशे-शंभर वॅट देतो. दाण्याची चटणी झाली. इडलीचं पीठ वाटायला बसलेला मित्र दहा मिनिटांत उतरला आणि उरलेलं आम्ही शेजारच्या काकूंकडे दिलं. सरांनी मात्र ती चटणी खाऊनच मार्क दिले असावेत.

तिसरा मजला
कुंडीवाल्यांना एवढं हिणवू नका! लेडीज फ्रेमवर मी गोकर्णीचा वेल चढवलाय, सुरेख दिसतो. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्या बैलाने कुठलं शेत नांगरलं? (एक चूक कबूल: खाली रबरी बूच लावलं नव्हतं. पावसाळ्यानंतर फरशीवर गंजाचा डाग पडला, तो अजून आहे.)

गॅसकटर
तीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय, म्हणून चार गोष्टी. जुन्या काळ्या सायकलींचे सांधे बहुतेक पितळेने डाग दिलेले असतात, नळी पातळ. त्यावर जाड रॉडने जोरात वेल्डिंग मारलं की भोकच पडतं. धागाकर्त्याची फ्रेम दोनदा तुटली त्यात नवल नाही. कोणी पितळेच्या काडीने, गॅसवर करणारा म्हातारा मिस्त्री असेल तर त्याच्याकडे न्या. रंग आणि क्रोम आधी घासून काढा, तो धूर छातीला वाईट. लोहचुंबक चिकटला नाही तर फ्रेम ॲल्युमिनियमची; तिला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं, नाक्यावर नेऊ नका.

जुना भिडू, पुणे
कापण्याआधी मडगार्ड, हँडल, फ्रेमवरचे शिक्के नीट बघा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथे मी ज्याला भंगार म्हणत होतो तसला चिमटा काचेसारखा पुसून ठेवलेला पाहिला आणि घरी येऊन गप्प बसलो. माझा मी आदल्या दिवाळीतच किलोवर घातला होता.

धागाकर्ता
मंडळी, आभार. गॅसकटर, तुमचं वाचून पितळेवाला मिस्त्री शोधलाय, रविवारी बोलावलाय. कोळप्याला आमच्याकडे रान नाही, धारेला आरोळी नाही, त्यामुळे चिमटा ठेवून गॅलरीतलं घडीचं टेबल करावं असा बेत होता. आज माप घ्यायला गेलो तर दांड्यावर गोधडी वाळत होती, हँडलच्या नळीत केरसुणी खोचलेली आणि चिमट्याला लसणाची जुडी टांगलेली. आईला विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, "तू टोपी घालायला लागलास तेव्हापासून. टेबल कशाला? माझी गोधडी कुठे वाळू घालू?"

मिस्त्रीला रविवारी नको म्हणून कळवलंय. सध्या फक्त बूच लावतोय.