नव्या ड्रॅक्युलाची वाट बघताना : गावात जुना ‘नोस्फेराटू’ लावायचा तर...

ड्रॅक्युलावर नवा चित्रपट येणार अशी बातमी आली की ट्रेलरची पारायणं सुरू होतात आणि पाठोपाठ ‘पुस्तकात असं कुठाय?’ हा वाद. वाट बघायचीच आहे तर रिकाम्या हाताने कशाला? जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२चा मूकपट ‘नोस्फेराटू’ याच कथेवरचा, त्यात ड्रॅक्युलाचं नाव काउंट ओरलॉक. तो देवळासमोर नाहीतर घराच्या खळ्यात लावता येतो. तो नीट लागला की नव्याला मापायला हाताशी एक माप येतं. ज्यांना किनाऱ्यावरचे असे खेळ, पुस्तक, होड्या किंवा रंगपट (रंगभूषा) यातलं कळतं त्यांनी लिहावं. ‘आमच्या आजोबांना वडाखाली दिसलं होतं’ हे नको. किती फूट, किती वॅट आणि कुठे फसतं, तेवढंच हवं. आलेली उत्तरं खाली, गावाच्या नावाने.

मालवण, पडदा आणि प्रोजेक्टर

आधी तिथी बघा. त्रिपुरी पौर्णिमेला माणसं मिळतात, काळोख मिळत नाही. साडेसातला सुरू करून नऊपर्यंत आटपायचं तर संकष्टीच्या दुसऱ्या दिवसापासून अमावास्येपर्यंतचे दिवस धरा, चंद्र तोवर आडवा येत नाही.

पडदा म्हणजे दुहेरी मांजरपाट, मागे काळं कापड. काळं नसेल तर निम्मा उजेड आरपार जातो आणि पडद्यामागे बसलेल्या पोरांना चित्र जास्त चांगलं दिसतं. संध्याकाळचा खारा वारा पडला की रात्री जमिनीकडून मतलई सुटतो. पडद्याची पाठ पूर्वेला असेल तर तो मागून भरतो आणि शिडासारखा फुगतो. म्हणून पडदा मोकळ्यावर न टांगता चिऱ्याच्या भिंतीला लावा. खालच्या कडेला दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधा. दोरी ताणली की कापड फाटतं, ट्यूब ओढ सोसते.

हा चित्रपट चौकोनी, ४:३चा. प्रोजेक्टरवर तसंच ठेवा. ‘पूर्ण पडदा’ केलंत तर काउंट ओरलॉक आडवा पसरतो आणि लोक हसतात. ८ फूट रुंद, ६ फूट उंच चित्र हवं असेल तर रुंद चौकटीचा प्रोजेक्टर पावणेअकरा फुटांची चौकट टाकतो. फेक-गुणोत्तर (पडद्यापासूनचं अंतर भागिले चौकटीची रुंदी) १.५ असेल तर तो १६ फुटांवर ठेवावा लागतो. आठाला दीडने गुणून १२ फुटांवर मेज मांडणारे ऐनवेळी मेज ढकलत बसतात. पुऱ्या काळोखात १५०० अँसी ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं प्रमाणित माप) पुरतात. खोक्यावर ‘९०००’ लिहिलेलं असेल आणि पुढे अँसी नसेल तर तो आकडा सोडून द्या.

वीज जाणार हे गृहीत धरा. प्रोजेक्टर २५०, स्पीकर १००, लॅपटॉप ६० वॅट, म्हणजे चारशेच्या वर थोडं. घरातल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हाती हजारभर धरा. दोन तास निघतात. पण त्याच लाईनीवर कुणी हॅलोजन लावला तर खेळ बंद.

दव ही खरी डोकेदुखी. गाडीच्या एसीतून काढलेला प्रोजेक्टर बाहेर आणला की भिंगावर वाफ धरते. अर्धा तास बंदच ठेवा, पुसू नका. पुसायचंच झालं तर आधी फुंकणीने वारा मारा. खाऱ्या हवेतलं मीठ कापडाखाली घासलं की ओरखडे पडतात.

रत्नागिरी, प्रतीबद्दल

चित्रपटाची प्रत निवडण्यात निम्मा खेळ जिंकता-हरता येतो. त्या काळच्या फिल्मवर रात्र टिपता येत नसे. म्हणून दृश्यं भर उन्हात घेतली आणि प्रत निळ्या रंगात बुडवून रात्र केली. दिव्याच्या उजेडाला पिवळा, पहाटेला गुलाबी. नुसती काळी-पांढरी प्रत लावलीत तर ओरलॉक आपली शवपेटी काखेत मारून टळटळीत दुपारी गावातून चालतो आणि शेवटी सूर्याच्या उजेडाने मरतो. मग प्रेक्षक विचारणारच, ‘मघाशी कसा नाही मेला?’ रंगवलेली प्रतच शोधा.

दुसरं, वेग. सेकंदाला १८ चौकटींनी साधारण ९४ मिनिटं होतात. २४ने पळवली तर सत्तरच्या आसपास, आणि माणसं तुरुतुरु चालतात. साठ-पासष्ट मिनिटांची प्रत दिसली तर ती कापलेली किंवा पळवलेली समजा.

तिसरं, हक्क. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याच्या वारसांची परवानगी न घेता केलेला हा चित्रपट. त्याच्या पत्नीने, फ्लोरेन्सने, खटला चालवला आणि १९२५ साली प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. ज्या वाचल्या त्यांच्यावर आज आपण बोलतोय. मूळ चित्रपट आता मोकळा आहे, पण नंतर जोडलेलं संगीत मोकळं असेलच असं नाही. आवाज बंद करून स्वतःचं संगीत वाजवलंत तर तो प्रश्नच मिटतो.

कुडाळ, पेटी-मृदंग

दशावताराचा ताफा, म्हणजे पेटी, मृदंग आणि झांज, याला बसतो. अट एकच : सतत वाजवायचं नाही. चित्रपट पाच अंकांत आहे. प्रत्येक अंकात दोन जागा शांततेला राखा. ओरलॉकची सावली जिना चढते तिथे वादक हटकून द्रुत लय धरतात, आणि भीती तिथेच मरते. पेटीचा एक सूर धरून ठेवा, मृदंग गप्प.

मधल्या पाट्या मराठीत वाचायला एक खणखणीत गळा लागतो. पाटी दिसते तेवढ्यात फारतर दहा-बारा शब्द निघतात. संहिता आधी लिहून, प्रत्येक ओळ पडद्यासोबत वाचून, उरेल ते छाटा. वाचणाऱ्याच्या कागदावरचा दिवा लाल ठेवा, पांढरा थेट पडद्यावर पडतो.

वेंगुर्ले, होडीच्या बाजूने

नव्या चित्रपटात जहाज बघायचं असेल तर हे लक्षात ठेवा. पुस्तकातलं ‘डिमीटर’ बल्गेरियातल्या वार्ना बंदरातून निघतं, भाराला वाळू आणि माल म्हणून मातीने भरलेली खोकी. कप्तान, दोन मालिम (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी), आचारी आणि पाच खलाशी, मिळून ९ जण. ६ जुलैला माल चढवून झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या रेतीवर जहाज चढलं, सुकाणूला बांधलेल्या मेलेल्या कप्तानासह. म्हणजे आपल्याकडे होड्या शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हाचा प्रवास. याला खरा आधार आहे : ऑक्टोबर १८८५मध्ये नार्वाचं ‘दिमित्री’ हे जहाज व्हिटबीला असंच किनाऱ्याला लागलं होतं.

आता खरी गंमत. पुस्तकात नियम आहे की ड्रॅक्युलाला वाहतं पाणी ओलांडता येतं ते फक्त भरतीला किंवा पाणी थांबलेलं असताना. स्टोकरने वादळाच्या रात्री भरतीची वेळ जवळ आलीय हे लिहून ठेवलंय, चूक केलेली नाही. भरती बघल्याशिवाय कोण बंदरात शिरना नाय, हे त्याला ठाऊक होतं. चित्रपटवाले मात्र हमखास उघड्या पडलेल्या चिखलात जहाज घुसवतात. काउंट ओहोटीला उतरला की समजा, कथालेखकाने किनारा फोटोतच बघितलाय. आपल्या बाजूला ताळा करायला तिथीची पाऊणपट करा : चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा मुंबईकडचा हिशोब, खाली येताना भरती थोडी आधी लागते.

चिपळूण, पुस्तक वाचून जाणाऱ्यांसाठी

२७ प्रकरणं आहेत, सगळी डायऱ्या, पत्रं, तारा, कात्रणं. पहिली चार गडावरची, ती एका बैठकीत संपवा. मधला भाग जड जातो, कारण प्रत्येकजण आपापलं लिहितो. तारखा वहीत उतरवत वाचलंत तर अडत नाही.

ट्रेलर बघताना उपयोगी पडेल असं :

उजेडाने तो मरतो हे पुस्तकात नाही, ते १९२२च्या मूकपटाने आणलं. पुस्तकात तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त शक्ती कमी होते. शेवटी त्याच्या छातीत खुंटाही ठोकत नाहीत. तो ल्यूसीला, त्याने पछाडलेल्या तरुणीला. त्याच्यावर कुकरी आणि ‘बोई’ हा अमेरिकी सुरा चालतो. उंच कॉलरचा झगा नाटकातून आला. लांब पांढऱ्या मिश्या आणि तळहातावरचे केस मात्र पुस्तकातले, आणि तेच चित्रपटांना नको असतात. मातीची खोकी पन्नास, त्यातली ४९ सापडतात आणि पन्नासाव्यासाठी शेवटची धावपळ आहे. ती मोजदाद ज्या चित्रपटात टिकली, त्याच्या लेखकाने पुस्तक वाचलंय असं मी धरतो. गडावर आरसा फोडला, एवढ्याने नाही.

सावंतवाडी, रंगपट

खेळाआधी कुणाला ओरलॉक करून उभं करायचं असेल तर सुळे लावू नका. त्याचे पुढचे दोन दात लांब आहेत, उंदरासारखे. सुळे नंतरच्या चित्रपटांचे. १९३१च्या बेला लुगोसीला तर दाखवण्याजोगे सुळेच नाहीत.

सफेदा खोबरेल तेलात कालवून जाड लावला की दमट हवेत तासाभरात गळ्यापर्यंत उतरतो. पातळ थर, वरून पावडर, पाच मिनिटांनी पुन्हा पातळ थर. डोळ्यांभोवती काजळ बोटाने वर ओढू नका, खाली ओढा. वर गेलं की राक्षस दिसतो, खाली आलं की आजारी, आणि ओरलॉक आजारीच हवा.

रक्ताला आगळ वापरायचा मोह सगळ्यांना होतो. रंग सुंदर, पण पाण्यासारखं ओघळतं, मीठ आणि आंबटपणा डोळ्यात गेला तर कलाकार संपला, आणि साबण लागताच डाग निळसर काळा होतो. वाटीभर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर शिजवा, निवल्यावर खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. पांढऱ्या धोतरावर मात्र तेही उडवू नका.

गुहागर

वटवाघळांबद्दल थोडं. रक्त पिणाऱ्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या. आपल्या पिंपळावर लोंबणारी मोठी वाघळं फळं खातात. चित्रपटाच्या नादात त्यांच्यावर बॅटरी मारायला किंवा फटाके लावायला पोरांना देऊ नका.

मालवण, पुन्हा

एक राहिलं. खेळ संपल्यावर पडदा दमट असताना घडी घालून माळ्यावर टाकतात. त्याला दोन उन्हं द्या. नाहीतर बुरशीचे काळे ठिपके धरतात, धुऊन जात नाहीत आणि पुढच्या खेळात नेमके ओरलॉकच्या टकलावर येतात.