अलास्काचे दिनविशेष: हस्तांतराची तारीख ६, ७ की १८ ऑक्टोबर?

सेलूची वाचनखोली
ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज तीन ओळींचा दिनविशेष असतो. यंदा त्यात अमेरिकेचं एकेक राज्य घेतोय, आता पाळी अलास्काची. अडलंय ते असं.
रशियानं ताबा अमेरिकेला दिला ती तारीख १८६७ सालचीच, पण कुठं ६ ऑक्टोबर, कुठं ७, कुठं १८. मोठा भूकंप २७ मार्चचा की २८ चा? राज्याचा दर्जा १९५८ ला की १९५९ ला? आणि खरेदीचा करार करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांच्या नावाचा 'सेवर्ड डे' दर वर्षी वेगळ्याच तारखेला कसा? जाणकारांनी फळ्यावर जसंच्या तसं उतरवता येईल असं सांगावं.

गोदाकाठ
फळ्यावर १८ ऑक्टोबर १८६७, शुक्रवार. तिथं आजही त्याच तारखेला 'अलास्का डे'ची सुट्टी असते.
गोंधळ दुहेरी आहे. रशियात तेव्हा ज्यूलियन कॅलेंडर होतं आणि १९ व्या शतकात ते आपल्या कॅलेंडरच्या १२ दिवस मागं होतं. हा पहिला फरक. दुसरा वाराचा. रशियन लोक सैबेरियाकडून समुद्र ओलांडून अलास्कात आले आणि आशियाचाच वार पुढं चालवत राहिले. अमेरिकन उलट्या बाजूनं आले. म्हणजे ताबा जिथं दिला त्या सिटका बंदरात अमेरिकन जहाजावर शुक्रवार असताना किनाऱ्यावरच्या रशियनांचा शनिवार उजाडलेला असायचा.
ताबा बदलला तेव्हा दोन्ही हिशेब एकदम जुळवले. शुक्रवार ६ ऑक्टोबर संपला आणि पुन्हा शुक्रवारच आला, तारीख मात्र १८ ऑक्टोबर. ७ ते १७ या ११ तारखा तिथं उगवल्याच नाहीत. पंचांग बघणाऱ्याला हे चटकन कळेल: तारखांचा क्षय आणि वाराची वृद्धी. माझं मत विचाराल तर त्या दिवशी फळ्यावर दुसरं काही लिहूच नका, तिन्ही ओळी याच्याच द्या.

सेलूची वाचनखोली
पण मग ७ ऑक्टोबर कुठून आली? आणि ७ मध्ये १२ मिळवले तर १९ होतात. १९ कामून नाही?

गोदाकाठ
समारंभाचा दिवस रशियनांच्या वहीत शनिवार ७ ऑक्टोबर होता. त्यात १२ मिळवले की शनिवार १९ येतो, पण तो आशियाच्या वारानं. अमेरिकेच्या बाजूनं मोजायचं तर एक दिवस मागं यावं लागतं, म्हणून शुक्रवार १८. तारीख बदलून देणाऱ्या वेबसाइटला हा एक दिवस माहीत नसतो, ती सरळ १९ देते. इथंच फळे चुकतात.
कराराला मात्र ही भानगड नाही. सही वॉशिंग्टनमध्ये ३० मार्च १८६७ ला पहाटे ४ च्या सुमारास झाली. रशियन कागदावर १८ मार्च, नुसता १२ चा फरक. किंमत ७२ लाख डॉलर. '७.२ मिलियन'चं मराठी करताना ७२ कोटी लिहिलेले फळे दिसतात, तेवढं सांभाळा. इतक्या पैशात साधारण साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढा मुलूख आला.

तेरणेपल्याड
भूकंपाचं मी सांगतो. २७ मार्च १९६४, संध्याकाळचे ५:३६, तीव्रता ९.२, हादरे सुमारे साडेचार मिनिटं. ही अलास्कातली वेळ. ग्रीनिच वेळेनं तेव्हा २८ मार्चचे पहाटेचे ३:३६ झाले होते आणि आपल्याकडं २८ तारखेचे सकाळचे ९:०६. भूकंपांच्या जागतिक याद्या ग्रीनिच वेळेवर चालतात, म्हणून तिथं २८ दिसते.
किल्लारीचंही तसंच आहे, फक्त उलट दिशेनं. आपल्यासाठी ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. त्याच याद्यांत तो २९ सप्टेंबरला सापडतो. नियम एकच ठेवा: जिथं जमीन हलली तिथली तारीख.
मोबाइलवर वेळ बदलून बघणार असाल तर जपून. मार्चअखेरीस अँकरेज आज ग्रीनिचच्या ८ तास मागं असतं, १९६४ ला १० तास मागं होतं. अलास्काचे वेळपट्टे १९८३ ला बदलले. आजचा फरक धरला तर ९:०६ ऐवजी ७:०६ येतील.
त्या दिवशी गुड फ्रायडे होता, म्हणून 'गुड फ्रायडे भूकंप' हे नावही चालतं. पण गुड फ्रायडे अनंत चतुर्दशीसारखा चंद्रावर हलतो. यंदाच्या गुड फ्रायडेला तो लिहू नका, २७ मार्चलाच लिहा.
एक्सॉन वाल्डीझ या तेलवाहू जहाजालाही मध्यरात्र नडते. ते २३ मार्च १९८९ च्या रात्री बंदरातून निघालं आणि १२:०४ ला ब्लाय रीफ या खडकाळ भागावर चढलं. म्हणजे तारीख २४. तेल सांडलं सुमारे ४ कोटी लिटर.

बालाघाट
राहिलेलं थोडक्यात. आयझेनहॉवरनी कायद्यावर सही केली ७ जुलै १९५८ ला, अलास्का प्रत्यक्षात ४९ वं राज्य झालं ३ जानेवारी १९५९ ला. दोन्ही लिहा, पण पुढं कंसात 'सही' आणि 'अंमल' टाका. १७ सप्टेंबर आणि १५ ऑगस्ट वेगळे पाळणाऱ्या मुलखाला हे वेगळं समजावायला नको. ४९ ताऱ्यांचा झेंडा मात्र ४ जुलै १९५९ पासून आणि तोही एकच वर्ष, कारण मधेच हवाई राज्य झालं.
'सेवर्ड डे' हा मार्चचा शेवटचा सोमवार. २०२४ ला २५ मार्च, २०२५ ला ३१ मार्च. करार ३० मार्चलाच राहतो. आणि उच्चार सेवर्ड नाही, 'सूअर्ड' आहे. तसं लिहिलं तर लेकरं दिवसभर हसतील, 'सुवर्ड' लिहून मोकळे व्हा.
तुमच्या प्रश्नात नसलेली एक तारीख घ्याच: १६ फेब्रुवारी १९४५. दुकानं, हॉटेलं, थिएटरांत मूळ रहिवाशांना मज्जाव करणाऱ्या पाट्या कायद्यानं बंद झाल्या. त्यासाठी ट्लिंगिट समाजाच्या एलिझाबेथ पेराट्रोविच अलास्काच्या सिनेटपुढं बोलल्या त्या ५ फेब्रुवारीला, पण त्यांच्या नावाचा दिवस सहीच्या तारखेला, १६ ला असतो. विकत घेण्या-देण्याच्या तारखांनी फळा भरतो आणि हीच नेमकी सुटते.

सेलूची वाचनखोली
उतरवून घेतलं. १८ ऑक्टोबरच्या तिन्ही ओळी शुक्रवारालाच देतो. मार्चमध्ये २४, २७ आणि ३० लागोपाठ येतात, तेव्हा ती पाटी आठवडाभर तशीच ठेवतो.

तेरणेपल्याड
ठेवा, पण २७ च्या ओळीत 'अलास्काची वेळ' हे दोन शब्द गाळू नका.