सॅम्पलरमधलं कंटाळवाणं काम तुम्ही कसं उरकता? अनुभव लिहा

मैत्रिणींनो, दसुतीचा सॅम्पलर, म्हणजे फुलीच्या टाक्यांनी भरायचं नमुन्याचं कापड, हातात घेतला की अक्षरं, मोर, घर झपाट्याने होतात. हात थांबतो तो पार्श्वभूमी, चौकट आणि मागचे धागे इथे. आपल्या वडोदऱ्यात भरतकाम करणाऱ्या कितीतरी मराठी बायका आहेत. प्रत्येकीने आपली रीत सांगावी.

सुरुवात मी करते. १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या, कापडावर एका चौरस इंचात १९६ फुल्या बसतात. तीन इंच लांब-रुंद आकाश म्हणजे १,७६४! मी जाताना रांगेतल्या सगळ्या अर्ध्या फुल्या टाकते आणि येताना त्या पुऱ्या करते. हाताला लय सापडते, शिवाय वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला राहतो. दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा कापडातून ओढून ओढून पिंजारतो.

*

ताई, मी चौकट आधी पुरी करते, मगच आतलं चित्र. त्याच्याही आधी शिवणाच्या साध्या दोऱ्याने दर दहा घरांवर उभा-आडवा धावदोरा घालते. हे काम कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण मग मोजणी दहाच्या पुढे जात नाही आणि चारी कोपरे बरोबर जुळतात. फक्त भरताना सुई त्या दोऱ्यातून जाऊ देऊ नका, नंतर तो निघता निघत नाही.

*

दांडिया बाजारातून लिहितेय. आजेसासूबाई चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकल्या. त्यांचा टाक्यांचा नमुना अजून आमच्या कपाटात आहे: साखळी, काजटाका, उलटी टीप, एकेकाची एकेक पट्टी. कापड उलटून बघितलं तर एक गाठ सापडत नाही. सुरुवातीचं टोक मागे बोटाने धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबायचं आणि दोरा संपला की तिथल्याच टाक्यांखालून ओवून लगेच कापायचा. मी तसंच करते, त्यामुळे शेवटी धागे दडवायचं काम उरतच नाही.

*

काळ्या कापडावर भरताना मांडीवर पांढरा रुमाल अंथरा. भोकं लख्ख दिसतात. आणि पांढरा दोरा मे महिन्यात काढूच नका, आपल्याकडच्या घामाने तो मळतोच.

*

मला वेगळंच सांगायचंय. आकाश भरायचंच कशाला? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १५९८ सालचा सॅम्पलर आहे, जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा. त्यात अक्षरं आहेत, प्राणी आहेत, नक्ष्या आहेत आणि मधे लिननचं कापड खुशाल मोकळं आहे. नमुना म्हणजे टाके दिसायला हवेत, कापड झाकायला नको, असं माझं ठाम मत आहे. निळं आकाश हवंच असेल तर फिक्या निळ्या कापडावरच भरायला घ्या. ताई, तुमच्या त्या १,७६४ फुल्यांत दोन पूर्ण मोर होतील!