अनुभव धागा: नवी मोटारसायकल – पेट्रोल कुठलं, बदल किती आणि वॉरंटीचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्याला सोलापुरातल्या शोरूमबाहेर हार-पेढे घेऊन ही गर्दी उसळली. त्या गर्दीत मीही होतो. गाडी १६० सीसीची. रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी आणि सवड मिळेल तसं अक्कलकोट, एवढाच वापर.

गाडी घरी आली तसे सल्लेही आले. पंपावरचा पोरगा म्हणतो, "नवी गाडी हाय, पावर टाका," म्हणजे महागाचं पेट्रोल. मेहुण्याचं म्हणणं, कंपनीचा सायलेन्सर काढल्याशिवाय गाडीला आवाजच नाही. शोरूमवाले सांगतात, बाहेरचा एक स्क्रू लावला तरी वॉरंटी गेली. तिघंही तेवढेच ठाम! म्हणून हा धागा. ऐकीव नको, आपल्या गाडीवर काय घडलं ते लिहा. गाडी कुठल्या साली घेतली तेही सांगा, पेट्रोलच्या बाबतीत त्याने बराच फरक पडतो.

दोन_गाड्यांचा_धनी

घरात वडिलांची २००८ ची कार्बोरेटरवाली आणि माझी २०२४ ची इंजेक्शनवाली. दोघींना पेट्रोल एकाच पंपावरचं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालेल असं स्वच्छ छापलंय. एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या गाड्यांचे पाइप, सील ई२० ला टिकणारे असावेत असं ठरलंच होतं, त्यामुळे तिची चिंता मी करत नाही. तुमची तर त्यानंतरची आहे.

ॲव्हरेजची कुरकुर मात्र अगदीच खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई१० वर बेतलेल्या दुचाक्यांची घट ३ ते ४ टक्के धरली होती. वडिलांच्या गाडीत ती जास्त जाणवते, पण तिचं इंजिनही आता वयाला आलंय, सगळं खापर इथेनॉलवर का फोडा? तसंही ते आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतून जातंय. ऊस आपला आणि शिव्याही आपल्याच.

खरा त्रास गाडी उभी राहिल्यावर होतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. वडील पावसाळ्यात गावी जाऊन राहिले, परत आल्यावर किक मारून मारून दमले. मेकॅनिकने कार्बोरेटरची वाटी उघडून माझ्या तळहातावर ओतली, तर वर पेट्रोल आणि खाली मण्यांसारखे पाण्याचे थेंब घरंगळत होते. आता गाडी ठेवून जायचं असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो आणि टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी.

ऑक्टेनमास्तर

पावरबद्दल थोडक्यात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, याचं ते माप आहे. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ असायचा, ई२० मुळे तो ९५ च्या घरात गेला. १६० सीसीच्या रोजच्या गाडीला त्याहून जास्तीचं काम नाही. जादा पैशात मिळतात ती स्वच्छतेची रसायनं. पुस्तिकेत कंपनीने ९५ च्या वरचा आकडा मागितला असेल तरच महागाचं पेट्रोल टाका. मी टाकून पाहिलं, उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढतानासुद्धा काही कळलं नाही.

ऊसट्रॉली_पीडित

वॉरंटीवर माझं रामायण मोठं आहे, चहा घेऊन बसा.

मी मोहोळहून सोलापूरला येतो-जातो. गाळप सुरू झालं की रात्री या रस्त्यावर काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियम, आणि बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे थेट तोंडावर. कंपनीच्या दिव्यात ते दिसेपर्यंत आपण जवळ पोचलेले असतो. म्हणून जादा दिवे लावायचे ठरवले.

पहिल्या दुकानातल्या पोराने हेडलाइटची वायर ओढली, दाताने सोलली आणि टेप काढली. तिथेच थांबवलं त्याला. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या टेपचा डिंक होतो आणि जोड उघडा पडतो. दुसरीकडे जाऊन थेट बॅटरीवरून वेगळी लाइन घेतली, तिला स्वतःचा फ्यूज, रिले आणि हँडलवर बटण. कंपनीची वायर कुठेच कापली नाही. ते दिवे खाली झुकवून फक्त गावाबाहेर लावतो, नाहीतर समोरच्याचे डोळे जातात.

पुढच्या पावसाळ्यात मीटर बंद पडायला लागला. कधी चालू, कधी काळाठिक्कर. सर्व्हिस सेंटरला नेली तर सल्लागाराने दिवे बघितले आणि गाडीला हात न लावताच सांगितलं, "बाहेरचं काम केलंय, वॉरंटीत बसत नाही." मीटरची किंमत ऐकून घाम फुटला.

मी वाद घातला नाही. म्हटलं, हेच जॉबकार्डावर, म्हणजे गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, लिहून द्या: कुठल्या वायरमुळे, कुठला भाग, काय तपासून ठरवलं. लिहून द्यायला कोणी तयार होईना. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि बिलं, दिव्यांच्या वायरिंगचे फोटो, वेळेवर केलेल्या सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या ईमेलवर पाठवल्या. काही दिवसांनी कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने टाकी उचलली, मीटरकडे जाणारा कप्लर (वायरींचा जोड) सोडवला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. रबराचं बूट नीट बसलेलं नव्हतं, पाणी तिथून जात होतं. माझ्या दिव्यांची लाइन त्या बाजूला गेलेलीसुद्धा नव्हती. मीटर आणि कप्लर वॉरंटीत बदलून मिळाले.

माझं मत असं, की "वॉरंटी गेली" हे वाक्य सरसकट कधीच ऐकून घेऊ नका. कुठल्या भागाची आणि कशामुळे, हे विचारा. बाहेरच्या दिव्यामुळे वायरिंग जळालं तर ते नाकारतील, आणि बरोबरच आहे. पण त्याच दिव्यामुळे गिअरबॉक्सची वॉरंटी कशी जाईल? मात्र मुख्य वायरिंग कापलं असतं तर माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं, हेही खरं.

अक्का_होटगीरोड

लेकीच्या गाडीच्या वेळी शोरूमने 'ॲक्सेसरीज किट' बिलात आपसूक घातलं होतं: कोटिंग, सीट कव्हर, गार्ड. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे घेतलंच पाहिजे का? अर्ध्या ओळी तिथेच गळाल्या. हेल्मेट मात्र मागून घेतलं, विकताना ते देण्याचा नियमच आहे.

आणि पोरांनो, गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून साडीगार्ड काढता ना? केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी ती जाळी आणि मागच्याला धरायला हँडल दोन्ही सांगितलंय. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मागे बसलेल्या एका बाईचा पदर चाकात गेलेला मी पाहिलाय. गाडी हळू होती म्हणून वाचली.

गॅरेज_अशोकचौक

अण्णा, मी मिस्त्री हाय, मीच सांगालोय, वॉरंटी हाय तोवर माझ्याकडं येऊ नका बे! फ्री सर्व्हिस किलोमीटर नाहीतर महिने, जे आधी येईल ते, कंपनीतच करा. पोरं म्हणालेत, गाडी फिरलीच नाही, सर्व्हिस कशाला? तारीख चुकली की पुढं तेच कारण दाखवतेत.

दुसरं, ऑइल. चारचाकीचं उरलेलं ऑइल मोटारसायकलीत ओततेत. आपला क्लच ऑइलमध्येच भिजून असतोय, चारचाकीच्या ऑइलमधल्या रसायनानं तो घसरालाय. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का बघायचं, ग्रेड पुस्तिकेत असतोय.

सायलेन्सरचं म्हणाल तर माझ्याकडं रोज पोरं येतेत. मी बसवत नाही. नव्या गाडीच्या पाइपात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर असतोय. ते काढलं की मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतोय, मग तीच पोरं म्हणतेत दिवा घालवून द्या. कुठनं घालवू?

आरटीओ_पासून_सावध

सायलेन्सरच्या बाबतीत वॉरंटी हा दुय्यम मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत परवानगीशिवाय मूळ रचनेहून वेगळे बदल करता येत नाहीत. मालकाला १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आवाजाचं कलम वेगळं, १९०(२), त्यात पहिल्या वेळी दंड १०,००० पर्यंत जातो. माझ्या मित्राने रंगीत फिल्म गुंडाळून गाडी काळ्याची लाल केली, आरसीवर रंग काळाच. सात रस्ता चौकात अडवल्यावर मालकी सिद्ध करता करता दुपार गेली.

विम्याचंही बघा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा सक्तीने असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा घ्यावा आणि टिकवावा लागतो. महागडे दिवे, गार्ड बसवले तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा. न कळवलेल्या वस्तूचे पैसे सर्व्हेअर धरत नाही, आमच्याकडे धरले नव्हते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पावर बंद. मेहुण्याला अशोक चौकाचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो आता दिव्यांवर आलाय. ऊसट्रॉली दादा, रिले आणि फ्यूजसकट लाइन कुठल्या बाजूने फिरवली त्याचा फोटो टाकता का? आणि हे प्रकरण १९१५ वर मिटलं नसतं तर पुढे काय केलं असतं?

ऊसट्रॉली_पीडित

फोटो रात्री टाकतो, गाडी आत्ता धुळीने माखलीय. मिटलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. अर्ज मी लिहूनही ठेवला होता. त्याला जोडायला सगळ्यात उपयोगी कागद कुठला ठरला असता सांगू? ते जॉबकार्ड. सल्लागार "जनरल चेकअप" असं लिहून मोकळा होणार होता. मी त्याच्या हातातून पेन घेऊन "मीटर बंद पडतो, पावसात जास्त" असं लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली.