बारावीनंतर मुलींना शहराचीच ओढ का?

निफाडचा_बागायतदार
गावातल्या बारावी झालेल्या मुली हल्ली द्राक्षबागेकडे फिरकत नाहीत. सगळ्यांना नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कंपनीत जायचंय. तिथे तरी काय, उभ्यानं पॅकिंगच ना? ते इथल्या पॅकहाऊसमध्येही आहे, आणि खोलीभाडं वाचतं. शिकायचं तर १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे. घरी राहून पदवी घ्या, हंगामात कामं करा.

सुरगाण्याची_लेक
दादा, पॅकहाऊस जोरात चालतं ते जानेवारी ते एप्रिल. पुढे काय करायचं? आमच्या आया-मावश्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून तुमच्याकडे विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, येतात. दिवसभर मान वर, हातात कात्री, मण्यांमागून मणी. पैसे मुकादमाच्या हातातून येतात. कंपनीत पगार माझ्या खात्यावर पडतो, पीएफ कापला जातो. पॅकिंग तेच असेल, पण पैसा कुणाच्या हातात जातो ते बघा की.

सिन्नरकर_मामा
ताई, कंत्राटी पोरींना काही महिन्यांनी ब्रेक देतात, ते पण सांगा. आणि दुसरी पाळी सुटल्यावर पोरगी घरी येणार कशी? शेवटची एसटी तोवर गेलेली असते. बापाला झोप लागत नाही, त्याला मागासलेला म्हणणं सोपं आहे.

येवल्याची_बाई
मामा, एसटीचं अगदी बरोबर. पण त्यावर उपाय जादा गाडी मागणं हा, की पोरीला घरी बसवणं? मी शिकवते, दर जूनला तेच बघते. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. तरी उत्पन्नाचा दाखला काढायला बापाला वेळ नसतो. शिवाय माफी फीची, मेस आणि खोली घरच्यांच्याच खिशातून. तिथेच गाडी अडते. त्याच घरात बारावी झालेल्या पोराला मोटारसायकल येते, आणि पोरीला म्हणतात, "मुक्तला टाकू." नर्सिंग काय घरी बसून होतं?

निफाडचा_बागायतदार
मुक्तला नावं ठेवू नका. आमच्या मंडळी लग्नानंतर तिथूनच बीए झाल्या.

येवल्याची_बाई
लग्नानंतर ना? त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. अठराव्या वर्षी तीच पळवाट होते, एवढंच म्हणतेय.

निफाडचा_बागायतदार
बरं, सगळ्या गेल्या तर विरळणी कोण करणार? टोळ्या मिळेनात, एकरी भाव कुठे गेलाय माहितेय का?

सुरगाण्याची_लेक
आता खरं बोललात! माणूस मिळत नाही ही बागेची अडचण झाली, ती आमच्या शिक्षणावर कशाला ढकलता? मजुरी वाढवा. छाटणी उक्ती असते, पैसे जास्त, ती बाप्यांनाच का? बायकांनाही शिकवा.

निफाडचा_बागायतदार
छाटणीत काडीवरचा डोळा चुकला तर वर्ष जातं, ताई.

सुरगाण्याची_लेक
आणि विरळणीत घड बिघडला तर एक्सपोर्टवाला घेतो का?