नँड ड्रायव्हर: चिप म्हणते म्हणून मोड ५ लावायचा का?

घड्याळजी
लिनक्सचं रॉ नँड कोअर (नँड फ्लॅश मेमरी चिप हाताळणारा भाग) चिपचं ओएनएफआय पॅरामीटर पेज (चिपमध्येच साठवलेला तिच्या वेळांचा तक्ता) वाचतं आणि सर्वात वेगवान टायमिंग मोडपासून (५) खाली (०) येत प्रत्येक मोडबद्दल ड्रायव्हरच्या सेटअप_इंटरफेस या फंक्शनला विचारतं, "जमेल का?" ड्रायव्हर 'हो' म्हणाला की तोच मोड पक्का. माझं म्हणणं असं की, बोर्ड विक्रीला जाणार असेल तर ड्रायव्हरने इतक्या सहज मान डोलावू नये. मोड ४ आणि ५ सरळ नाकारा, मोड ३ वर थांबा. चिपला स्वतःची वेळ माहीत असते, तुमच्या ट्रेसची (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा) आणि लेव्हल शिफ्टरची (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारी चिप) नाही.

हिशोब बघा. कंट्रोलरचं क्लॉक १३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक टिक ७.५ नॅनोसेकंद. मोड ५ ला टीआरपी (वाचनाची आरई लाइन खाली ठेवायची वेळ) किमान १०, म्हणजे २ टिक (१५ नॅसे). टीआरईएच (ती वर ठेवायची वेळ) किमान ७, म्हणजे १ टिक. पूर्ण वाचन-सायकल २२.५, नियम २० चा. कागदावर झकास. पण टीआरईए (आरई खाली गेल्यापासून डेटा येईपर्यंतची वेळ) कमाल १६ आहे. आरई १५ ला वर जाते आणि डेटा १६ ला येतो, म्हणजे चढत्या कडेला वाचलंत तर कचरा. म्हणून ईडीओ, पुढच्या उतरत्या कडेला म्हणजे २२.५ ला वाचायचं. जाण्यायेण्याचा उशीर ४ नॅसे धरला तर डेटा २० ला पोचतो, शिल्लक २.५. शिफ्टरमुळे उशीर ७ झाला की डेटा २३ ला. संपलं.

बिटबदल
आकडे बरोबर, निष्कर्ष चुकला. मोड ३ मध्ये टीआरपी किमान १५ आणि टीआरईए कमाल २०. म्हणजे तिथेही फक्त टीआरपीवरून २ टिक काढणारा ड्रायव्हर चढत्या कडेला कचराच वाचणार. मोड खाली आणून गणित सुधारत नाही. आरई किती वेळ खाली ठेवायची ते 'टीआरपी किंवा टीआरईए अधिक बोर्डाचा उशीर, यातलं जे मोठं ते' असं काढलं पाहिजे. मग मोड ३ ला २४ नॅसे, म्हणजे ४ टिक खाली, २ टिक वर, सायकल ४५ नॅसे. उलट चिप मोड ५ लाच ठेवा आणि ईडीओ न वापरता पल्स रुंद करा: १६ + ४ = २०, म्हणजे ३ टिक खाली, १ वर, सायकल ३० नॅसे.

२०४८+६४ बाइटचं पेज आणि टीआर (चिपला पेज आतून काढायला लागणारा वेळ) २५ मायक्रोसेकंद धरून:
ईडीओसह मोड ५: ७२.५ मायक्रोसेकंद, सेकंदाला साधारण २८ एमबी.
मोड ५, रुंद पल्स: ८८, साधारण २३ एमबी.
तुमचा मोड ३: १२०, साधारण १७ एमबी.
मोड ० (सायकल १०५ नॅसे): २४७, जेमतेम ८.

१७ आणि २३ मधला फरक बूटला जाणवतो. तो कशापायी सोडायचा?

सोल्डरशेठ
बिटबदलरावांशी सहमत, आणि भर घालतो. नुकसान करणाऱ्या चुका बहुधा मोडच्या नसतात, एककांच्या असतात. एसडीआर टायमिंगच्या (या ० ते ५ मोडच्या वेळांच्या) स्ट्रक्चरमधले आकडे पिकोसेकंदात आहेत. कोणी ते नॅनोसेकंदात आणताना क्लॉकचा ७.५ गोल करून ८ करतो, मग १६ ला २ टिक पुरतात असं दिसतं. खरे मिळतात १५. शिवाय सीएलके_सेट_रेटला मागितलेला वेग मिळालाच असं धरू नका, सीएलके_गेट_रेटने परत वाचून त्यावरून टिक काढा.

दुसरं उदाहरण २०२२ चं, आय.एमएक्स प्रोसेसरमधल्या जीपीएमआय या नँड कंट्रोलरचा ड्रायव्हर. बिझी टाइमआउटचं (चिप मोकळी होण्याची वाट किती वेळ बघायची) रजिस्टर ४०९६ क्लॉक सायकलच्या एककात आहे, कोड मात्र ४०९६ ने भागायच्या ऐवजी गुणत होता. ते दुरुस्त केलं आणि दुसरी चूक उघडी पडली: मुळात टाइमआउट पेज वाचायच्या वेळेवरून काढलेला. लिहायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात, ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद. टाइमआउट झाल्याचं ड्रायव्हर बघतच नव्हता, त्यामुळे चिप बिझी असतानाच पुढचं काम सुरू आणि डेटा खराब. मग टीबीईआरएस (पुसायची वेळ) आणि टीपीआरओजी (लिहायची वेळ) यातल्या मोठ्या आकड्यावरून टाइमआउट धरला गेला. यात मोड ५ चा काय दोष?

घड्याळजी
मोड ३ चा मुद्दा मान्य, टीआरईए धरलाच पाहिजे. पण माझी भीती वेगळी आहे. टायमिंग काठावर असेल तर ड्रायव्हर आपटत नाही, ईसीसी (चूक-दुरुस्ती कोड) चुकलेली बिटं मुकाट्याने दुरुस्त करत राहतं. अशा चुकलेल्या बिटांची (फ्लिप) संख्या बिटफ्लिप_थ्रेशोल्ड या मर्यादेला पोचली की यूबीआय (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा लिनक्सचा थर) तो ब्लॉक दुसरीकडे हलवतं. म्हणजे धड चिप उगाच झिजते आणि सगळे म्हणतात, नँड खराब निघाली.

सोल्डरशेठ
ते ओळखता येतं. एकच पेज नँडडंप या साधनाने ईसीसी बंद करून दहा वेळा काढा आणि ताडून बघा. चुकलेली बिटं दर वेळी त्याच जागी असतील तर सेलचा दोष. जागा बदलत असतील तर टायमिंग. जागा बदलूनही डेटा लाइन तीच असेल तर त्या लाइनचा ट्रेस किंवा टाका बघा. ही तपासणी टेबलावर नको, सर्वात जास्त तापमान आणि सर्वात कमी व्होल्टेज एकत्र लावून करा, कारण पॅड (चिपच्या पिनांमागचं सिग्नल सर्किट) तेव्हाच सर्वात मंद असतात. एमटीडी_नँडबिटएर्स (बिटचुकांची चाचणी करणारं कर्नल मॉड्यूल) लावणार असाल तर रिकाम्या पार्टिशनवर, ते डेटा पुसतं.

बिटबदल
आणि मर्यादा घालायचीच असेल तर कारण असलं पाहिजे. ॲटमेलचा ड्रायव्हर टीआरसी (पूर्ण वाचन-सायकलची किमान वेळ) ३० नॅसेपेक्षा कमी दिसला की नाकारतो, कारण त्या कंट्रोलरला ईडीओ येतच नाही. 'भीती वाटते' हे कारण नव्हे.

घड्याळजी
मग बोर्डाचा उशीर ड्रायव्हरला सांगणार कोण? जीपीएमआय वाचनासाठी टीआरईएमध्ये सरसकट ४ नॅसे मिळवतो. माझ्या शिफ्टरवाल्या बोर्डाला ७ हवेत. ते डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन, डीटीएस फाइलमध्ये लिहिलेलं) यायला हवं.

बिटबदल
उशीर जरूर येऊ दे, तो बोर्डाचाच गुण आहे. पण टीआयच्या जीपीएमसी कंट्रोलरसारखे सगळे वेळेचे आकडे डिव्हाइस ट्रीत नकोत. खरेदीवाले उद्या दुसऱ्या कंपनीची चिप लावतील, तिचा टीआरईए १६ ऐवजी २० असेल, आणि डीटीएसमध्ये आधीच्या चिपचे आकडे तसेच राहतील.